शांतता आणि शांती

मराठी भाषेत शांतता आणि शांती असे दोन शब्द आहेत. नित्याच्या बोलण्यात आपण ते एकमेकांच्या जागी सहज वापरतो. तथापि भाषेने दोन्ही जपून ठेवले, त्यामागे काही कारण असले पाहिजे. शिक्षकांनी वर्गात पाऊल टाकताच शांतता पसरते. तिला शांती कोणी म्हणत नाही. ग्रंथालयाच्या भिंतीवर शांतता राखण्याची पाटी असते. उलटपक्षी मुलांच्या गोंगाटाने भरलेल्या घरातही शांती नांदत असल्याचे आपण पाहतो. शांतता कानांना कळते. शांती कळण्यासाठी मात्र थोडे थांबावे लागते, निरखावे लागते आणि कधी कधी अवघड प्रश्नही विचारावे लागतात.

हा भेद आम्ही येथे एका साध्या उदाहरणावरून तपासू इच्छितो. ते उदाहरण म्हणजे घरात ठेवलेली माशांची काचपेटी. विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. जगात इतकी दुःखे असताना शोभेच्या माशांवर पाने का खर्ची घालावीत, असा प्रश्न एखादा वाचक विचारील आणि तो रास्तही असेल. पण माणूस मुक्या जीवांशी कसा वागतो आणि कोणत्या गोष्टीला शांती म्हणतो, हे दोन्ही प्रश्न या पेटीत एकत्र आले आहेत, म्हणून हा प्रपंच.

वाघोलीतील पेटी

पुण्याच्या पूर्वेस नगर रस्त्यावर वाघोली आहे. वसईच्या वाचकांना निर्मळशेजारची वाघोली आठवेल. ही ती नव्हे. वाघेश्वराचे मंदिर, पिलाजीराव जाधवरावांची समाधी आणि दगडखाणी ही या गावाची जुनी ओळख. ३० जून २०२१ रोजी जी तेवीस गावे पुणे महापालिकेत समाविष्ट झाली, त्यांत वाघोलीही होती. गावाभोवती आता उंच इमारतींच्या सोसायट्या उभ्या आहेत. त्यांत नोकरीनिमित्त आलेली माणसे राहतात. नगर जिल्ह्यातून आलेली आपली अनेक ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. दिवसभर रस्त्यावरची वाहतूक, धूळ आणि कार्यालयातील ताण सोसून संध्याकाळी घरी परतलेल्या माणसाला डोळ्यांसमोर काहीतरी निवांत हवे असते. पुष्कळ घरांत त्यासाठी माशांची पेटी येते.

अशाच एका घरी आम्ही भेटीला गेलो असता दिवाणखान्यात पाच फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी पेटी पाहिली. सुमारे सव्वाचारशे लिटर पाणी, तळाशी वाळू, मागे खडकांची रचना आणि मधल्या मोकळ्या पाण्यात डझनभर सडपातळ मासे एकाच दिशेने तोंड करून पोहत होते. नरांच्या अंगावर निळसर झाक होती. कोणाची शेपटी पिवळी, कोणाची निळी. माद्या करड्या, साध्या. घरचे तरुण गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "फादर, हे आफ्रिकेतले सिक्लिड. या कुळातले बहुतेक मासे फार भांडखोर असतात. पण ही जात शांत आहे. ऑफिसमधून आलं की अर्धा तास यांच्यासमोर बसतो, डोकं निवतं." त्यांच्या मातोश्री शेजारीच भाजी निवडत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "त्यांना बोलता येत नाही, फादर. म्हणून भांडण ऐकू येत नाही."

आई आणि मुलगा दोघेही खरे बोलत होते. मुलगा शांततेविषयी बोलत होता. शांती आहे की नाही, हा प्रश्न आईने विचारला होता. या लेखात त्या माउलीच्या वाक्याचा मागोवा घेण्याचा आमचा प्रयत्न आहे.

शांत जात म्हणजे काय?

सिक्लिड हे नाव अपरिचित वाटले तरी हे कूळ आपल्याला अगदीच परके नाही. गोव्यातील काळुंदर आणि केरळातील करिमीन हा एकच मासा असून तो याच कुळातला. भीमेच्या काठी उजनीच्या परिसरात ज्या चिलापीचे कालवण होते, तीही याच कुळातली. फक्त ती मूळची आफ्रिकेची. वाघोलीच्या पेटीतील मासे आफ्रिकेतील टांगानिका सरोवरातले. त्यांचे शास्त्रीय नाव सायप्रिक्रोमिस लेप्टोसोमा. सुमारे ६७० किलोमीटर लांब आणि सर्वांत खोल ठिकाणी जवळजवळ १४७० मीटर खोल असे हे सरोवर टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया या चार देशांच्या मध्ये पसरले आहे. जगातील सरोवरांत खोलीच्या बाबतीत सैबेरियातील बैकालनंतर त्याचा क्रमांक लागतो. या एका सरोवरात सिक्लिड माशांच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुतेक अन्यत्र कोठेही आढळत नाहीत.

यांतील पुष्कळ जाती खडकांच्या आश्रयाने राहतात आणि आपल्या वीतभर जागेसाठी जिवावर उदार होऊन लढतात. सायप्रिक्रोमिस मात्र खडकांपुढच्या मोकळ्या पाण्यात शेकड्यांच्या थव्याने राहतो आणि पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव टिपून खातो. अन्न प्रवाहाबरोबर येते, कोणा एकाच्या मालकीच्या खडकावर ते उगवत नाही. म्हणून त्यासाठी भांडण्याचे कारण उरत नाही. त्याचा शांतपणा हा असा त्याच्या राहणीतून आला आहे.

पण 'शांत' या शब्दाने फसून चालणार नाही. या माशाचे नरही विणीच्या काळात आपापली जागा राखतात. ती जागा तळावर नसून पाण्याच्या पोटात असते. भिंती नसलेल्या खोलीसारखी ती तरंगती हद्द असते आणि दुसरा नर आत शिरला की त्याला हुसकावले जाते. विस्तीर्ण सरोवरात हुसकावलेला नर दोन हात दूर जातो आणि प्रकरण मिटते. काचेच्या पेटीत मात्र दोन हातांवर काचच असते. म्हणून जाणते लोक सांगतात की, हे मासे तीन-चार असे कधीच ठेवू नयेत; दहा-बारा तरी असावेत, त्यांत नर थोडे आणि माद्या अधिक असाव्यात, पेटी लांब आणि उंच असावी. थोडे मासे ठेवले तर बलवान नराचा सारा रोख एकाच दुबळ्यावर राहतो. संख्या पुरेशी असली की तो विभागला जातो आणि कोणा एकावर अरिष्ट येत नाही.

मादीची कथा आणखी विलक्षण आहे. ती मोकळ्या पाण्यात एक अंडे सोडते आणि ते खाली जाण्यापूर्वीच झटकन वळून तोंडात घेते. मग दुसरे, मग तिसरे. पुढे सुमारे तीन आठवडे ती अंडी आणि त्यांतून निघालेली पिल्ले तोंडातच सांभाळते. या काळात तिचे खाणे जवळजवळ बंद असते. सभोवार अन्न टाकले जाते, इतर मासे त्यावर तुटून पडतात आणि ही तोंड मिटून एका कोपऱ्यात स्थिर राहते. पाहणाऱ्याला ती थव्यातील सर्वांत शांत मासोळी वाटते. तिचा उपवास त्याला दिसत नाही. तिला कोणी सतत त्रास दिला तर घाबरून ती पिल्ले वेळेपूर्वीच टाकून देते किंवा गिळते.

दुसरी एक पद्धतही येथे नोंदली पाहिजे. मलावी सरोवरातील खडकांवर राहणारे भांडखोर सिक्लिड ठेवणारे लोक कधी कधी पेटीत मुद्दाम दाटी करतात. इतके मासे कोंबतात की कोणालाही स्वतःची हद्द आखता येऊ नये आणि कोणा एकाचा पाठलाग करणे शक्यच होऊ नये. भांडणे कमी होतात, हे खरे. पेटी रंगांनी झगमगते. पण ती शांतता कशातून आली? भांडण्याची इच्छा संपल्यामुळे नव्हे, भांडण्यापुरतीही जागा न उरल्यामुळे. एका खोलीत तीन पिढ्या दाटीवाटीने राहतात आणि घरात भांडण नाही असे सांगतात, तेव्हा कधी कधी तेथेही हेच घडलेले असते.

मुक्यांचे भांडण

टांगानिकाच्या परिसरातच अ‍ॅस्टॅटोटिलापिया बर्टोनी नावाचा एक सिक्लिड मासा आहे. शास्त्रज्ञांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांच्या समूहात थोडे नर वरचढ असतात; ते तेजस्वी रंगाचे, हद्द राखणारे असतात. उरलेले दबलेले नर माद्यांसारखे फिके दिसतात, त्यांची जननग्रंथी लहान राहते आणि ते कोणाच्या वाटेला जात नाहीत. वरचढ नराला बाजूला काढले की दबलेल्या नराच्या अंगावर काही मिनिटांतच रंग चढू लागतो. म्हणजे रंग त्याच्यात होता. तो दाखवण्याची सोय नव्हती. २००७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी असेही दाखवून दिले की, इतरांच्या झुंजी नुसत्या पाहून हा मासा कोण कोणाहून बलवान याचा क्रम मनाशी लावतो आणि ज्या दोघांची झुंज त्याने पाहिलेली नाही, त्यांच्यातलाही दुबळा ओळखून त्याच्याजवळ राहणे पसंत करतो. पाण्यात आवाज नाही, पण कोण कोणाला भितो याचा हिशेब मात्र चालू आहे.

फिका पडलेला आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात असा तो नर पाहून आपण म्हणू, किती गुणी मासा! घराघरांतही अशीच प्रशस्तिपत्रे दिली जातात. "आमची सून एका शब्दाने बोलत नाही." "आमच्या कारखान्यात आजवर एकही तक्रार नाही." "आमच्या गावात सगळे गुण्यागोविंदाने नांदतात, ज्याने त्याने आपापली पायरी ओळखली आहे." ही वाक्ये ऐकली की त्या माउलीचे बोल आठवावेत. ज्याला बोलता येत नाही, किंवा बोलू दिले जात नाही, त्याचे भांडण ऐकू येत नाही; एवढ्यावरून ते नाहीच असे ठरत नाही.

संत ऑगस्टीन यांनी 'देवनगरी' या ग्रंथाच्या एकोणिसाव्या भागात शांतीचा विचार केला आहे. शांतीची इच्छा सर्वांनाच असते, लुटारूंनासुद्धा. तेही आपल्या टोळीत आणि आपल्या घरात शांतता राखतात, फक्त ती त्यांना स्वतःच्या अटींवर हवी असते, असे त्यांचे निरीक्षण आहे. म्हणूनच ते शांतीचा संबंध सुव्यवस्थेशी जोडतात: प्रत्येकाला त्याची योग्य जागा मिळाली की त्यातून जी स्वस्थता येते, ती शांती.

हा विचार मोलाचा आहे, पण आपल्या देशात तो जपून वापरावा लागतो. प्रत्येकाची जागा ठरवून देण्याची कला आपल्याकडे फार जुनी आहे. गावकुसाबाहेरची वस्ती हीदेखील एकेकाळी सुव्यवस्थाच म्हणवली जात होती आणि त्या व्यवस्थेत शांतता मुबलक होती. आपल्या समाजातील अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी ती शांतता सोसली आहे. मग न्याय्य व्यवस्था ओळखावी कशी? पेटीतील मासे येथे एक साधी कसोटी शिकवतात. पेटी सांभाळणारा जाणकार माणूस सर्वांत देखण्या नराकडे पाहून समाधान मानत नाही. तो सर्वांत दुबळ्या माशाकडे पाहतो. त्याला खायला मिळते का? त्याचा रंग टिकून आहे का? त्याला मोकळ्या पाण्यात येता येते, की तो सदैव तापकाच्या आड दडलेला असतो? तोंडात पिल्ले धरलेल्या मादीला तिचे तीन आठवडे निर्धास्त मिळतात का? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर पेटीत शांती आहे. नसतील तर केवळ शांतता आहे. घर, शाळा, गाव आणि धर्मग्राम यांनाही हीच कसोटी लावता येईल.

ठेवावेत की ठेवू नयेत?

आता मूळ नैतिक प्रश्नाकडे वळू. सरोवरातल्या जीवाला दिवाणखान्यात ठेवण्याचा अधिकार माणसाला आहे काय?

घरगुती मत्स्यपेटीचा छंद इंग्लंडमध्ये फोफावला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. फिलिप हेन्री गॉस या धर्मनिष्ठ निसर्गअभ्यासकाचा त्यात मोठा वाटा होता आणि त्याच्या पुस्तकांनी हा छंद घरोघरी पोहोचवला. समुद्रकाठच्या खडकांतील डबक्यांत त्याला निर्मात्याचे कौशल्य दिसे आणि ते इतरांनीही पाहावे, ही त्याची तळमळ होती. लोकांनी ते पाहिले आणि टोपल्या भरभरून घरी नेले. संग्राहकांच्या झुंडींनी ती डबकी कशी उजाड केली आणि वडिलांना त्याचे किती दुःख झाले, हे त्याचा मुलगा एडमंड याने १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. सौंदर्यावरील निरागस प्रेमानेही सौंदर्याचा नाश होऊ शकतो, याचे हे मोठे बोलके उदाहरण आहे.

तत्त्वज्ञांचे या बाबतीत एकमत नाही. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते प्राण्यांशी क्रूरपणे वागणे अनिष्ट, कारण तीच सवय पुढे माणसांवर उलटते. जेरेमी बेंथम यांनी १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वेदना सोसण्याची क्षमता हाच निकष धरावा, अशी बाजू मांडली. माशाला वेदना होत नाहीत अशी एक सोयीस्कर समजूत बराच काळ होती. २००३ साली स्कॉटलंडमध्ये ट्राउट माशांवर झालेल्या प्रयोगांनी तिला धक्का दिला. ओठांना दाहक द्रव्य टोचलेले मासे खाणे सोडून ओठ खड्यांवर घासताना आढळले. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात दोन सूचना शेजारी-शेजारी आहेत: प्राण्यांना निष्कारण यातना देऊ नयेत, आणि माणसाचे दुःख हलके करण्यासाठी जो पैसा जायला हवा तो प्राण्यांवर उधळू नये. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या परिपत्रकात प्रत्येक जीवाला स्वतःचे मोल आहे आणि सृष्टीवरील अधिकार म्हणजे मन मानेल तसे वागण्याची मुभा नव्हे, असे स्पष्ट केले.

वाघोलीत यातील दुसरी सूचना विशेष टोचते. येथील अनेक सोसायट्यांना टँकरच्या आणि बोअरच्या पाण्यावर भागवावे लागते आणि खाणीलगतच्या वस्त्यांत हंड्यांच्या रांगा लागतात. अशा ठिकाणी माशांसाठी सव्वाचारशे लिटर पाणी? हिशेबच करून पाहू. पेटीतील पाचवा हिस्सा पाणी आठवड्याला बदलायचे म्हटले तर ८५ लिटर लागते. शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी हे प्रमाण धरले जाते; २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातील माणसासाठी ५५ लिटर ठरवले. म्हणजे पेटीचे आठवड्याचे पाणी शहरी माणसाच्या एका दिवसाच्या वाट्याहूनही कमी आहे आणि खेड्यातील माणसाच्या दीड दिवसाच्या वाट्याइतके आहे. दोन्ही विधाने खरी आहेत. पहिले पाहून छंद करणाऱ्यावर तुटून पडण्याचे कारण राहत नाही. स्नानघरातील फवारा याहून कितीतरी अधिक पाणी घेतो. दुसरे पाहून मात्र कोणालाही निश्चिंत राहता येऊ नये. बाहेर काढलेले पाणी झाडांना उपयुक्त असते; ते मोरीत न जाता कुंड्यांत गेले पाहिजे, एवढे तर कोणालाही करता येईल.

गंमत अशी की, ज्या जड पाण्याला वाघोलीकर कंटाळतात, ज्याने नळावर पांढरा थर बसतो आणि डाळ शिजत नाही, तेच क्षारयुक्त पाणी या माशांना मानवते. टांगानिकाचे पाणी जड आणि अल्कधर्मी आहे. त्याचा सामू साडेआठ ते नऊच्या दरम्यान असतो. आपल्याला नकोसे वाटणारे पाणी दुसऱ्या कोणाचे तरी घर असते.

आमचे मत विचाराल तर, मासे ठेवणे हे पाप नव्हे; पण ते फुकटही नव्हे. सरोवरात ज्या गोष्टी निसर्ग पाहतो, त्या सर्व पेटी आणणाऱ्याच्या अंगावर येतात. पळून जाण्याइतकी जागा, थव्याइतकी संख्या, तळ आणि मधले पाणी वाटून घेतील असे सोबती, पुण्याच्या थंडीत पाणी पंचविसाच्या आसपास राखणारा तापक, वीज गेल्यावर हवा पुरवण्याची सोय आणि वर घट्ट झाकण. कारण हे मासे दचकले की उडी मारतात आणि पहाटे फरशीवर सापडतात. मासा विकत घेताना तो सरोवरातून पकडलेला आहे की पैदास केलेला, हेही विचारले पाहिजे. ज्याला हे सारे झेपत नाही त्याने खिडकीत तुळस लावावी. तीही डोळे निववते.

खोटी दया

एक धोका दयाळू माणसांकडूनच संभवतो. छंदाचा कंटाळा आला, बदली झाली, मासे फार वाढले, की माणसाला वाटते, मारण्यापेक्षा यांना तळ्यात सोडून द्यावे. जीवदान दिल्याचे समाधान मिळते. पण टांगानिकाच्या स्थिर पाण्याला सरावलेला हा मासा आपल्या तळ्यात बहुधा मरेल; आणि एखादी काटक जात जगली तर इतरांचे जगणे अवघड करील.

चिलापीचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. आफ्रिकेतील ही मासळी १९५२ साली भारतात आणली गेली ती माणसांना स्वस्त प्रथिने मिळावीत, या चांगल्या हेतूने. ती इतकी काटक आणि प्रसवशील निघाली की अनेक जलाशयांत तिने आपले बस्तान बसवले. वाघोलीच्या परिसराचे पाणी मुळा-मुठेला आणि पुढे भीमेला मिळून ज्या उजनी धरणात जाते, तेथील जाळ्यांत आज चिलापीच मोठ्या प्रमाणावर सापडते. तिच्यावर कित्येक मच्छीमार कुटुंबांची चूल पेटते, हे नाकारता येणार नाही. भीमेतील मूळच्या काही माशांना तिची झळ पोहोचली, हेही नाकारता येणार नाही. आपल्या जबाबदारीतून मोकळे होण्याला आपण दया म्हणतो, तेव्हा त्या दयेची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी भरावी लागते. मासे नकोसे झाले तर ते सांभाळू शकेल अशा माणसाच्या हाती द्यावेत. ते शोधण्याचा त्रास हाही जबाबदारीचाच भाग आहे.

किगोमा नावाचे गाव

टांगानिकातील मासे कोणत्या किनाऱ्यावर पकडले त्या गावाच्या नावाने ओळखले जातात. सायप्रिक्रोमिसचा एक प्रकार किगोमा या नावाने विकला जातो. छंद असलेल्या माणसाला किगोमा म्हटले की शेपटीचा रंग आठवतो. किगोमा हे टांझानियातील बंदर आहे. मे २०१५ मध्ये शेजारच्या बुरुंडीत राजकीय हिंसाचार उसळला, तेव्हा हजारो माणसे सीमा ओलांडून कागुंगा या लहानशा गावी आली. एका बाजूला सरोवर, दुसऱ्या बाजूला उभा डोंगर, मध्ये अरुंद किनारा. त्या दाटीत पटकी पसरली आणि अनेकांचा बळी गेला. १९१३ साली जर्मनीत बांधलेल्या 'लिएम्बा' नावाच्या जुन्या जहाजाने खेपा करून या निर्वासितांना किगोमाला पोहोचवले.

ज्या पाण्यातून आम्ही शांत मासे आणतो, त्याच पाण्याच्या काठावर हे घडले. यात माशांचा दोष नाही आणि वाघोलीतील त्या तरुणाचाही नाही. परंतु एखाद्या नावातून आपल्याला फक्त रंगच आठवावा, माणसे आठवू नयेत, ही गोष्ट मनाला लावून घेण्याजोगी आहे. दुरून आणलेल्या प्रत्येक सुंदर वस्तूमागे एक गाव असते. तिथली माणसे कशी आहेत, एवढी विचारपूस करणे ही त्या वस्तूची उरलेली किंमत आहे.

काढून टाकणे आणि पालटणे

पेटीत शांती हवी तर भांडखोर मासा बाहेर काढावा लागतो. दुसरा इलाज नसतो. मासा स्वभाव पालटू शकत नाही. माणसांच्या बाबतीतही हाच सोपा मार्ग आपल्याला मोह घालतो: त्या कुटुंबाला सोसायटीत घर देऊ नका, त्या मुलाला शाळेतून काढा, त्या वस्तीला गावाबाहेर हलवा, मग सगळे शांत होईल. शांतता होईलही. मात्र ज्ञानदेवांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्या ठायीचा दुष्टपणा सरावा आणि जीवमात्रांत स्नेह वाढावा, असे मागितले. यशया संदेष्ट्याने रंगवलेल्या शांतीच्या चित्रातही लांडग्याला हाकलून दिलेले नाही. तो कोकराशेजारी राहतो. मराठी संत आणि हिब्रू संदेष्टा या दोघांनाही ठाऊक होते की, ज्यांच्याशी आपले पटते तेवढ्यांनाच निवडून केलेली शांती ही काचेच्या आतली असते.

काचपेटी ही माणसाच्या समाजाचा आदर्श होऊ शकत नाही, ती याच कारणाने. तिच्यातील माशांना कोणी निवडले, त्यांची संख्या कोणी ठरवली, हे सारे बाहेरच्या हाताने केलेले असते. आपल्या घरात आणि गावात असा बाहेरचा हात नाही. आपणच मासे आहोत आणि आपणच राखणदार. म्हणून एकाच वेळी दोन कामे आपल्याकडे येतात. दुसऱ्याला हद्द असू द्यावी आणि स्वतःची हद्द थोडी आवरती घ्यावी. गप्प बसलेल्याला बोलते करावे आणि त्याचे बोलणे कडू असले तरी ऐकून घ्यावे. असे करताना घरातली शांतता पुष्कळदा भंग पावते. इतके दिवस न बोललेली सून बोलू लागते, कामगार तक्रार मांडतो, खाणीवरची बाई हंडा घेऊन महापालिकेच्या दारात उभी राहते. हा आवाज ऐकून घाबरण्याचे कारण नाही. दबलेल्याच्या अंगावर रंग चढू लागल्याचे ते चिन्ह असू शकते, आणि शांतीचा आरंभ बहुधा तेथूनच होतो.